सीएमएल असताना रिपोर्टची वाट बघायचे आठ-दहा दिवस कसे काढायचे

मागच्या महिन्यात सोमवारी पीसीआरला, म्हणजे माझ्या आजाराच्या तपासणीला, रक्त देऊन आलो आणि मंगळवारी सकाळी मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनच्या गेटवरचा चहावाला कप पुढे करत विचारतो, "भो, रिपोर्ट उना का?" अरे बाबा, कालच तर दिलं. बिचारा मायेने विचारतो, त्याचा काही दोष नाही, पण त्याने विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो आणि तो चहा काही गोड लागत नाही.

मला सीएमएल आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा तो हळू चालणारा कॅन्सर. २०१७ ला निघाला. रोज एक गोळी चालू आहे, नोकरी चालू आहे, आखाजी-कानबाईचे सण, पोरांच्या परीक्षा सगळं चालू आहे. गोळीचा त्रास म्हणाल तर रात्री पायात गोळे येतात आणि सकाळी डोळ्यांखाली सूज असते, सवय झाली त्याची. खरा त्रास दर तीन-चार महिन्यांनी होतो, रक्त दिल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत. त्या दिवसांत मी बायकोवर खेकसतो, जेवत नाही, रात्री गच्चीवर फेऱ्या मारतो. आता कमी झालंय बरंच. कसं कमी झालं ते लिहितो, कारण जळगावला डॉक्टरांकडे बाकड्यावर बसलेलो असताना नवीन पेशंट हेच विचारतात, आजाराचं कमी आणि या धाकधुकीचं जास्त. मी डॉक्टर नाही हो, जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा माणूस आहे, औषधाचं जे काय ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी आकडा समजून घ्या, आणि तो डोकं शांत असताना समजून घ्या

रिपोर्ट हातात आल्यावर अर्थ शोधायला बसायचं नाही. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. मधल्या काळात, कसलीच तपासणी नसताना, एक दुपार काढून डॉक्टरांकडून किंवा त्यांच्या असिस्टंटकडून समजून घ्या, वहीत लिहा.

तपासण्या मुख्य दोन. एक सीबीसी, रक्तातल्या पेशी मोजायची, तीच साधी, संध्याकाळपर्यंत मिळते. माझा आजार निघाला तोच सीबीसीत. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन भाकरी खाणारा माणूस अर्ध्या भाकरीत गार व्हायचो, मला वाटलं उन्हाळा बाधला. पांढऱ्या पेशी निघाल्या १ लाख ८६ हजार, नॉर्मल साधारण ४ ते ११ हजार असतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की ११ हजाराच्या वर गेलं की संपलं. मग एकदा ११,४०० आल्या, शेजारी ठळक 'एच' छापलेला, आणि मी काट्यावर बसल्या बसल्या घामाने ओला. डॉक्टरांनी फक्त नाकाकडे बघून विचारलं, सर्दी झालीय का? झाली होती, आठवडाभर. सर्दी-खोकला, दाढेचं इन्फेक्शन, स्टिरॉइडची गोळी, यातल्या कशानेही पांढऱ्या पेशी थोड्या वर जातात, चांगल्या धडधाकट माणसाच्या पण जातात.

आणि ती नॉर्मल रेंज कशी काढतात माहितेय का, निरोगी माणसांची रक्तं तपासतात आणि त्यातल्या साधारण ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या दोन टोकांत बसतात ती रेंज. म्हणजे विसातला एक निरोगी माणूस तसाही बाहेर पडणारच. आता सीबीसीच्या कागदावर वीसेक ओळी असतात, मग त्यात एखाद-दोन 'एच' आणि 'एल' नसले तरच नवल. मला हे कोणी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री झोपलो असतो.

गोळीमुळे पेशी कमीही होतात, ते डॉक्टर बघतात. न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, १ हजाराच्या खाली किंवा प्लेटलेट ५० हजाराच्या खाली गेल्या तर सहसा काही दिवस गोळी थांबवतात आणि आकडा वर आला की परत सुरू करतात. ते ठरवणं त्यांचं काम. आपल्या मनाने थांबवायची नाही.

दुसरी तपासणी पीसीआर, खरी धडकी भरवणारी तीच. आपल्या पेशीत ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात आणि एक बिघडलेला जीन तयार होतो, बीसीआर-एबीएल. तो अदलाबदल झालेला आखूड क्रोमोसोम १९६० मध्ये फिलाडेल्फिया शहरात पहिल्यांदा दिसला म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं होतं माझा रिपोर्ट अमेरिकेला पाठवला की काय. तर पीसीआरमध्ये त्या बिघडलेल्या जीनचं प्रमाण रक्तात किती आहे ते मोजतात आणि टक्क्यात सांगतात. आपल्याला बघायचा तो आयएस लिहिलेला आकडा, म्हणजे इंटरनॅशनल स्केलवरचा. बाकी कॉपी नंबर, रेशो वगैरे भरपूर छापलेलं असतं, ते डॉक्टरांसाठी आहे, त्यात बोट घालू नका.

टप्पे साधारण असे धरतात: गोळी सुरू केल्यावर ३ महिन्यांत १० टक्के किंवा कमी, ६ महिन्यांत १ टक्का किंवा कमी, वर्षात ०.१ किंवा कमी. ०.१ ला मेजर रिस्पॉन्स म्हणतात, आमच्या भाषेत तिथे पोचला की गडी बांधावर आला. पुढे ०.०१, ते अजून खोल. दर टप्प्याला दहापट कमी. आणि 'डिटेक्टेड' हा शब्द मोठ्या अक्षरात बघून घाबरू नका, ०.०१ असलं तरी तिथे डिटेक्टेडच छापतात.

काट्याची गोष्ट

आता यात माझा धंदा कामाला आला. कापसाच्या ट्रॉलीत मॉइश्चर मीटर खुपसतो मी दिवसात शंभर वेळा. सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी असली तर ८ ते १२ टक्के ओलावा चालतो, १२ च्या वर गेला की माल परत, म्हणून शेतकरी त्या मीटरकडे देवाकडे बघावं तसं बघतो. त्याच ट्रॉलीत वर लावलं तर ९, हात कोपरापर्यंत आत घालून लावलं तर ११. सकाळी दवात एक, दुपारी उन्हात दुसरं. दुसऱ्या जिनच्या मीटरवर अजून तिसरं. शेतकरी भांडतो, मी सांगतो दादा मीटर खोटं नाही, पण एका आकड्यावर जीव टाकू नका, चार ठिकाणी लावू. आणि हाच मी, माझा पीसीआर ०.०३ वरून ०.०५ झाला की रात्रभर जागा!

पीसीआरचं तसंच आहे. खालच्या आकड्यांत दुप्पट-निमपट इकडेतिकडे व्हायला आजार वाढावा लागत नाही, मोजण्यातच तेवढा फरक पडतो. लॅब बदलली तर अजून जास्त. म्हणून डॉक्टर एका आकड्याकडे बघत नाहीत, ओळीने चार-पाच आकडे बघतात, आणि ०.१ ची रेघ ओलांडली का ते बघतात, ओलांडली तरी आधी परत तपासतात.

हे मला कळलं ते एक रात्र घालवून. मे महिना, २०२१. रक्त न्यायला येणाऱ्या पोराने सांगितलं दुसरी लॅब स्वस्त आहे, मी म्हटलं दे तिकडे. पीडीएफ आली रात्री १० वाजून ४० मिनिटांनी. गच्चीवर गादी टाकलेली, भिंती अजून तापलेल्या, बायको-पोरं झोपलेली. उघडली. आधीचा ०.०८ होता, हा ०.१४. मोबाईलवर बोटांनी मोठा करून करून बघितला, जसं काही मोठा केला की कमी होणार होता. मग गुगल. मग खाली जाऊन कपाटातली एलआयसीची फाईल काढली, टॉर्चच्या उजेडात वारसाचं नाव तपासलं. पोरगी तेव्हा सातवीत. पहाटे चारपर्यंत मी तिचं कॉलेज, लग्न, सासर सगळं माझ्याशिवाय उरकून टाकलं होतं.

सकाळी डॉक्टरांना फोन लागला. पहिला प्रश्न, दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? नाही. दुसरा, गोळ्या चुकल्या का? साल्याच्या लग्नात दोन दिवस चुकल्या होत्या. ठीक आहे, गोळी नियमित घ्या, महिन्याने जुन्याच लॅबमध्ये परत काढू. काढला. ०.०७.

रक्त द्यायच्या आधीच चार गोष्टी ठरवा

त्या रात्रीनंतर मी नियम केले. नियम आधी करायचे, कारण नंतर आपण शहाणे नसतो.

लॅब एकच. स्वस्त मिळो, जवळ मिळो, बदलायची नाही. बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून, आणि वहीत त्या आकड्यापुढे खूण करायची.

तारीख सोयीची घ्या. आपल्याला तीन-चार महिन्यांनी करायचीय, चार दिवस इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, डॉक्टरांना विचारून दिवाळी किंवा घरच्या लग्नाच्या तोंडावर रिपोर्ट येईल असं ठेवू नका. मी कापसाच्या सिझनमध्ये मुद्दाम ठेवतो, कारण काट्यावर गाड्यांची रांग असली की विचार करायला वेळ मिळत नाही. रिकाम्या हंगामात तेच दहा दिवस महिन्यासारखे जातात.

रिपोर्ट कोणाच्या मोबाईलवर येणार हे ठरवा. माझ्या नंबरवर येत नाही आता. भाच्याचा नंबर दिलाय. तो आधी डॉक्टरांना पाठवतो, मग मला सांगतो, आणि फोनवर आकडा सांगत नाही, घरी येतो. पहिल्यांदा मी त्याला दिवसातून तीन फोन केले, आला का, आला का. तो म्हणाला मामा, तुम्ही असं करणार असाल तर तुमचाच नंबर द्या. बरोबर बोलला. तुमच्याकडे असा भाचा नसेल तर बायको, भाऊ, मित्र कोणीही, फक्त घाबरट नको आणि गावभर सांगणारा नको. आमच्या मामींसारखा तर बिलकुल नको, त्यांना रिपोर्ट कळला की चाळीसगावपर्यंत कळतो.

उघडायची वेळ ठरवा. सकाळी, कामाच्या दिवशी, डॉक्टर फोनवर सापडतील अशा वेळी. रात्री नाही, शनिवारी संध्याकाळी नाही. रात्री आलेला आकडा सकाळी तोच असतो, रात्रभरात तो आकडा काही खात नाही, तो आपल्यालाच खातो.

रक्त द्यायच्या दिवशीचं सांगतो. सीबीसी आणि पीसीआरला उपाशी राहायची गरज नसते. बरेच जण उगाच उपाशी जातात, त्यात आपल्याकडचा मे महिना, ४४-४५ डिग्री, शिर सापडत नाही, चार वेळा सुई, आणि मग तिथेच रडकुंडीला येतात. सकाळी लवकर जा, दोन ग्लास पाणी पिऊन जा. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर गोळी रोजच्या वेळेलाच, जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्यासोबत. मी इमॅटिनिबचं सांगतोय हे, माझी गोळी तीच. निलोटिनिब नावाची दुसरी गोळी आहे, ती घेणाऱ्यांचं उलटं असतं, ती बहुतेक वेळा उपाशीपोटी देतात, तुमच्या गोळीचं तुम्ही विचारून घ्या.

जर-तरचा कागद

हे सगळ्यात कामाचं, म्हणून सावकाश सांगतो. घाबरायला आकडा वाढला एवढंच कारण नसतं हो. वाढला तर पुढे काय ते माहीत नसतं, पुढे नुसता काळोख दिसतो. म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, साहेब वाढलाच तर तुम्ही काय काय कराल, ओळीने सांगा. त्यांनी सांगितलं, मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. माझं पान असं आहे:

आकडा ०.१ च्या खाली असला तर काही करायचं नाही, थोडा वरखाली असला तरी. ०.१ च्या वर गेला तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत. परतचाही वर आला तर गोळ्या किती चुकल्या ते खरं खरं सांगायचं, आणि दुसरं कुठलं औषध, काढा, चूर्ण घेतलं का तेही. तरी वाढत असेल तर म्युटेशनची तपासणी, म्हणजे त्या जीनमध्ये अजून काही बदल होऊन गोळी लागू पडेनाशी झाली का ते बघणं. आणि मग गोळी बदलणं. दासाटिनिब आहे, निलोटिनिब आहे, बोसुटिनिब आहे, पोनाटिनिब आहे, त्यापुढे ॲसिमिनिब आहे.

बस. पाच पायऱ्या. रात्री तीनला मन एकदम शेवटच्या पायरीच्याही पलीकडे उडी मारतं ना, तेव्हा मी ते पान उघडतो आणि बघतो की आत्ता मी कुठल्या पायरीवर उभा आहे. बहुतेक वेळा पहिल्याही पायरीवर नसतो, रिपोर्टच आलेला नसतो!

पैशाची भीती पण यातच मिसळलेली असते, ती वेगळी काढून बघा. इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याआधी या आजाराचं चित्र फार वेगळं होतं. पुढे आपल्याकडे मूळ कंपनीची महिन्याची गोळी लाखाच्या वर आणि आपल्या कंपन्यांची आठ-दहा हजारात असा प्रकार होता. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा, म्हणजे त्या मूळ कंपनीचा, पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळी चालू राहिली. म्हणून माझ्यासारखा काट्यावरचा माणूस आज हे टाईप करतोय. तुमच्या गोळीचा खर्च, योजनेत बसते का, मदत कुठे मिळते हे हॉस्पिटलच्या सोशल वर्करला आताच विचारून ठेवा, रिपोर्ट आल्यावर नाही. मुंबईला तपासणीला जाणाऱ्यांनी हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्या, स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं भाडं पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट असते. आमच्या पाचोऱ्याचे कितीतरी लोक अजून पूर्ण तिकीट काढून जातात.

मधले दिवस

पोट दाबणं बंद करा. हे पहिलं. पाणथरी, म्हणजे स्प्लीन, वाढली का ते बघायला मी डाव्या बरगडीखाली बोटं खुपसायचो, अंघोळीला, गाडी चालवताना, काट्यावर. दिवसात दहा-वीस वेळा. मग तिथे दुखायला लागलं. दुखतंय म्हणून अजून दाबायचो. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले स्प्लीन हाताला लागतच नाहीये, हे तुमच्याच बोटांनी दुखतंय. काळानिळा डाग पडला होता तिथे, आणि तो डाग बघून मला वाटलं प्लेटलेट कमी झाल्या! आता पोट डॉक्टरांनीच तपासायचं.

काळजीला वेळ ठरवून द्या. ऐकायला विचित्र वाटतं, मला पण वाटलं होतं. संध्याकाळी साडेसहा ते सात, ओट्यावर बसून, काय काय वाईट होऊ शकतं ते सगळं मनात आणायचं, हवं तर लिहायचं. दिवसा मनात आलं की म्हणायचं, साडेसहाला. पहिले दोन दिवस जमत नाही, मन ऐकत नाही, बैलाला नवीन जू लावल्यावर तो कसा अंग झाडतो तसं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साडेसहाला बसलो तर आठवेना काय काळजी करायची होती. रोज जमतं असं नाही सांगत, पण अर्ध्या वेळा जमतं.

छातीत धडधड सुरू झाली तर श्वास. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत हळू बाहेर, बाहेरचा लांब पाहिजे, पाच मिनिटं. मी मिस्ड कॉल आला की करतो, ट्रॅक्टर काट्यावर चढताना करतो, कोणाला कळत पण नाही. आणि चहा कमी. मी त्या दिवसांत आठ-नऊ चहा प्यायचो आणि म्हणायचो धडधड होते. होणारच ना.

गुगल-यूट्यूब त्या आठ-दहा दिवसांत बंद. माहिती वाईट नाही, पण तेव्हा आपण माहिती शोधत नसतो, भीती शोधत असतो, आणि यूट्यूबला ते बरोबर कळतं, एक बघितला की खाली दहा येतात. काढे-बिढे तर अजिबात नको. नातेवाईक गुळवेल आणून देतात, पपईच्या पानांचा रस आणून देतात, मन मोडवत नाही म्हणून आपण पितो. गुळवेलीने काही लोकांच्या लिव्हरला त्रास झालेला डॉक्टरांनी नोंदवलाय आणि आपल्या गोळीचा भार आधीच लिव्हरवर असतो. घ्यायचं तर विचारून. पपनस पण टाळायला सांगतात, गोळीचं रक्तातलं प्रमाण त्याने बदलू शकतं.

गोळी मात्र पक्की. त्या दिवसांत तुमच्या हातात असलेली गोष्ट एकच आहे, ती ही. काही लोक भीतीने गोळीच विसरतात, किंवा उपवासाला टाळतात. माझ्या आईने माझ्यासाठी कानबाई देवीला नवस बोलून ठेवलाय, मी म्हटलं आई तू बोल, पण उपवास तू कर, मला गोळीसोबत खावंच लागतं. ती हसली आणि मला केळं दिलं. चुकली एखादी तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मी कॅलेंडरवर रोज टिक करतो, लहान पोरासारखं, आणि डॉक्टरांनी विचारलं की फोटो काढून पाठवतो. वहीतल्या आकड्यापेक्षा मला त्या टिका बघून जास्त धीर येतो, खरं सांगतो.

लोकांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा. माझं आहे, "बरं शे, डॉक्टर बघी ऱ्हायनात." एवढंच, पुढे कापसाचा भाव विचारायचा, खान्देशातला माणूस भावावर घसरला की रिपोर्ट विसरतो. ज्यांना ब्लड कॅन्सर म्हटलं की सिनेमातली रक्ताची उलटीच आठवते त्यांना समजावत बसू नका, दमून जाल. गोळी लागू पडली की सीएमएलवाल्यांचं आयुष्य आता जवळजवळ इतरांएवढंच असतं, हे घरच्यांना मात्र नीट बसून सांगा, पोरांना पण. माझी पोरगी तीन वर्षं न विचारता माझ्या तोंडाकडे बघून अंदाज लावत होती, मला पत्ताच नाही.

वाट बघायची नाही अशा गोष्टी

ताप १००.४ च्या वर, हिरड्यातून-नाकातून रक्त, अंगावर कारण नसताना डाग, दम लागणं, डोळे पिवळे, डाव्या बाजूला जोरात दुखणं. यातलं काही झालं तर काळजीची वेळ साडेसहा वगैरे काही नाही, लगेच डॉक्टर. हे पण त्या मागच्या पानावर लिहा, म्हणजे साधं अंग दुखलं की मोठं वाटत नाही आणि मोठं असलं की साधं वाटत नाही.

आणि मनाचंच जास्त झालं असेल, दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, भीतीने तपासणीलाच जात नाही, किंवा जगून काय उपयोग असं यायला लागलं, तर त्याला पण डॉक्टर आहे. १४४१६ वर फोन करा, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. मी २०१९ ला चार महिने मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलोय, जळगावलाच, तोंडाला रुमाल बांधून जायचो कोणी बघू नये म्हणून. आता रुमाल नाही बांधत. फक्त तिथे सांगा कॅन्सरची कोणती गोळी चालू आहे, मनाच्या काही गोळ्यांचं आणि आपल्या गोळीचं पटत नाही.

उघडायच्या दिवशी

भाचा आला की आधी पाणी, मग वही. आयएसचा आकडा त्यानेच लिहायचा, मागच्या चार आकड्यांच्या खाली, मग वही माझ्याकडे. म्हणजे एकटा आकडा दिसतच नाही मला, ओळ दिसते. त्या दिवशी घरी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, रिपोर्ट कसाही असो. बायकोने हा नियम केला, आधी मला पटला नव्हता, वाईट असला तर भरीत गिळणार कसं? ती म्हणाली वाईट असला तरी जेवणार आहेस ना.

एक कोणी सांगत नाही ते सांगतो, चांगला रिपोर्ट आल्यावर पण दोन दिवस उदास वाटतं, चिडचिड होते, अंग गळून जातं. मला वाटायचं मी कृतघ्न आहे. तसं नाही, दहा दिवस ताणून धरलेली दोरी सोडली की हात थरथरतो तसं आहे ते. झोपा, कामावर उशिरा जा.

या वेळचा भाच्याने लिहिला ०.०४. मागचा ०.०२ होता. डॉक्टरांचं उत्तर आलं, काही नाही, तीन महिन्यांनी. मी तारीख लिहिली, कापूस सुरू झालेला असेल तेव्हा, भरीत खाल्लं, झोपलो. रात्री एकदा उठून वही उघडून बघितलीच. ०.०४ च होतं.